फोन गेला, 640 शब्द गेले : शब्दसंग्रहाच्या ॲपचे आठ महिने

जुलैत ठाण्याच्या नऊ नंबरवर वाशी लोकलमध्ये चढताना फोन निसटला तो थेट रुळांवर. नवीन फोनवर ॲप टाकलं, त्याच नंबरने लॉगिन केलं, तर समोर ‘वेलकम! चला, पहिला शब्द शिकू या.’ आठ महिने रोज ऐरोली येईपर्यंत घोकलेले 640 इंग्रजी शब्द शून्यावर. तिसऱ्या मेलनंतर कस्टमर केअरने कळवलं की बॅकअप तुम्ही स्वतः चालू करायला हवा होता. वर्गणीचे 1,499 रुपये कापून घेताना मला काहीच चालू करावं लागलं नव्हतं.

ही ॲप्स सगळी एकाच साच्यातली. शब्द, व्याख्या, एक वाक्य, आणि विसरायच्या बेताला आलं की तोच शब्द पुन्हा हजर. यातला शेवटचा भाग चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून माणूस किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. पुढे 1972 मध्ये लाइटनर या विज्ञानलेखकाने त्यासाठी खणांची पेटी सुचवली : शब्द कार्डावर लिहायचा, आठवला तर कार्ड पुढच्या खणात, चुकला तर परत पहिल्या खणात. ॲप म्हणजे तीच पेटी, वर रात्री साडेदहाला नोटिफिकेशन.

माझं भांडण आहे ते उदाहरणाच्या वाक्यांशी. ‘एनर्व्हेट’ घ्या. व्याख्या होती ‘टू डेबिलिटेट’. आता डेबिलिटेट कळत असतं तर मी पैसे कशाला भरले असते? म्हणून वाक्याकडे वळले : ‘आफ्टर द लाँग मॉर्निंग वॉक, ही फेल्ट एनर्व्हेटेड.’ मी राहते उपवनजवळ. तलावाला फेऱ्या मारून आलेले काका लोक कसे तरतरीत दिसतात ते रोज बघते. शिवाय शब्दाला एनर्जीचा वास. अर्थ लावला, ताजंतवानं होणे. आणि ऑफिसच्या ट्रेनिंगनंतर सगळ्यांना कॉपीत ठेवून ट्रेनरला मेल केला, ‘थँक्स फॉर द एनर्व्हेटिंग सेशन.’ त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, ‘नोटेड’. चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हळूच सांगितलं की मॅडम, त्याचा अर्थ गळून जाणे, अंगातलं त्राण जाणे.

दोन्ही अर्थ तितकेच बसतात अशा वाक्याला उदाहरण म्हणायचं कसं? त्याच दिवशी दोनशे पानी वही घेतली आणि पहिलं वाक्य लिहिलं : मे महिन्यात लोकलची वाट बघत दुपारी प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की माणूस एनर्व्हेट होतो. मग नादच लागला. ‘ऑब्सिक्विअस’ला, म्हणजे लाळघोटेपणा करणाऱ्याला, ॲपमध्ये कुणा ड्यूकचा बटलर होता. आमच्याकडे बटलर कुठला! मी रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगला बिल्डरच्या माणसापुढे वाकणारे सेक्रेटरी घातले. ‘नॉइसम’चा गोंगाटाशी संबंध नाही, तो घाण वासासाठी आहे. तिथे ओहोटीच्या वेळचा कळव्याचा खाडीपूल घातला.

व्याख्यांचा इलाज रद्दीवाल्याकडे मिळाला. लाँगमनची 1978 ची डिक्शनरी विद्यार्थ्यांसाठी केली तेव्हा सगळ्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांतच लिहायच्या असा दंडक होता. तिची नंतरची एक आवृत्ती, कव्हर फाटलेली, 120 रुपयांना. 1,499 आणि 120, हिशोब तुम्हीच करा.

पण एक कबूल करते. दुसऱ्या महिन्यात मी या ॲपला पाच स्टार दिले होते, ते उच्चारांसाठी. पाचवीत ए-बी-सी-डी शिकलेली मी, वीस वर्षं ‘एपिटोम’ म्हणत होते. ते ‘इपिटमी’ आहे. ‘हायपरबोल’ नाही, ‘हायपर्बली’. कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा तेही ऐकून कळतं. हे वहीत मिळत नाही, आणि ऑफिसात चुकलं तर कुणी तोंडावर सांगतही नाही.

शून्यावर आल्यावर ॲपने लेव्हल ठरवायला 50 शब्दांची चाचणी घेतली. रागातच दिली. 31 बरोबर आले. घरी येऊन वहीशी ताडून पाहिलं, तर 31 पैकी 26 वहीतले. बटलर, ड्यूक आणि त्यांच्या बग्ग्या फोनबरोबर गेल्या, सेक्रेटरी मात्र जागच्या जागी. त्यानंतर मेलवरचं भांडण मी जरा आवरतं घेतलं. त्यांनी तीन महिने फुकट वाढवून दिले, ते फक्त उच्चार ऐकायला वापरतेय.

आता दोन स्टार. उच्चार नसते तर एकच दिला असता. आणि ऑटोपे बंद करायचं असेल तर ॲपमध्ये बटण शोधत बसू नका, मी दोन संध्याकाळी घालवल्या. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जा आणि तिथून मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करा, मिनिटभराचं काम आहे.