खजुरी बाजारातली कंपासपेटी: गुण्ये चोख, कोनमापक बेताचा

इंदूरला राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारी, बिननावाची, पारदर्शक डब्याची ही कंपासपेटी. सातवीत त्रिकोणाचे बाह्यकोन सुरू झाले की पेटीचा खरा कस लागतो, म्हणून परीक्षणही तेवढ्यापुरतंच. कंपास आणि कर्कटक ठीक आहेत, स्क्रू ढिले होत नाहीत.

अडचण कोनमापकाची. आकडे प्लास्टिकच्या वरच्या अंगाला छापलेत, त्यामुळे कागदावरची रेघ आणि आकडा यांच्यामध्ये प्लास्टिकची जाडी येते. डोळा तिरका झाला की अर्धा-एक अंश इकडचा तिकडे. दुकानातच नख फिरवून बघावं: छपाई खालच्या अंगाला हवी.

त्याहून मोठी गोम शून्याच्या रेघेत आहे. ती कडेपासून सुमारे ४ मिमी वर आहे आणि इतकी फिकट, की मुलं सरळ कडच त्रिकोणाच्या बाजूवर टेकवतात. याने काय होतं ते बघा. त्रिकोण अबक मध्ये अ ७०°, ब ६०°, क ५०°. बक ही बाजू ड पर्यंत वाढवली, तर बाह्यकोन अकड हा दूरच्या दोन आंतरकोनांच्या, म्हणजे अ आणि ब च्या, बेरजेएवढा, १३०° यायला हवा. कोनमापकाची कड टेकवून मोजला तर साधारण १३३° येतो आणि आतला क ४७°. दोन्हींची बेरीज बरोबर १८०°! म्हणजे मुलगा खूश, पालकही खूश. चूक पकडायची तर दूरचे दोन आंतरकोन मोजावे लागतात. तेही याच पद्धतीने मोजले तर ७०° च्या जागी साधारण ६८° आणि ६०° च्या जागी ५८° भरतात. बेरीज १२६°, आणि बाह्यकोन मात्र १३३°. सात अंशांची तफावत म्हणजे हात थरथरला असं म्हणून सोडून देता येत नाही. काटकोनात ही चूक जवळपास शून्य असते, म्हणून दुकानात ९०° मोजून खात्री करणाऱ्याला काहीच कळत नाही.

उपाय सोपा: शून्याची रेघ लाल मार्करने ठळक करायची. कोनमापकाची त्रिज्या ५ सेमीच्या आसपास आहे, तेव्हा बाजू वाढवताना निदान ६-७ सेमी वाढवा, नाहीतर रेघ आकड्यांपर्यंत पोचतच नाही आणि मग अंदाजपंचे. आकडा वाचताना क पासून ड कडे जाणारा किरण ज्या ० वर आहे तिथूनच मोजत जायचं. दुसऱ्या ओळीत गेलात तर १३० चे ५० होतात. आणि वाढवायची एकच बाजू. क पाशी दोन्ही वाढवल्या तर समोर जो कोन दिसतो तो आतल्या क एवढाच असतो, त्याला बाह्यकोन म्हणत नाहीत.

गुण्ये मात्र या किमतीत नवल वाटावं असे. सरळ रेघेवर उभा धरून लंब काढला, मग पालथा करून पुन्हा काढला. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. ३०-६०-९० च्या गुण्याभोवती रेघा काढून बाजू वाढवल्या तर बाह्यकोन १५०°, १२०°, ९०° मिळायलाच हवेत, बेरीज ३६०°. कोनमापक तपासायला याहून स्वस्त कसोटी नाही. टोकं बोथट आहेत, तेव्हा रेघा पट्टीने पुढे नेऊन जिथे मिळतील तो शिरोबिंदू धरावा.

बाजारात पूर्ण गोल, ३६०° चा कोनमापकही मिळतो. नकाशासाठी उत्तम, या धड्यासाठी नको: क चा बाह्यकोन म्हणून मुलं ३१०° लिहून मोकळी होतात.

पेटी घ्यायला हरकत नाही. कोनमापक तेवढा खालून छपाईचा, वेगळा घ्या. दुकानात ‘चांदा’ मागा. कोनमापक म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो.