टूथपिक लाकडी घ्यावी की बांबूची? घरगुती वापरासाठी तुलनात्मक आढावा

टूथपिक घेताना बहुतेक जण दुकानदार देईल तो डबा उचलतात. परंतु भरल्या कारल्याचे तोंड बंद ठेवणे, ढोकळा शिजला का ते पाहणे आणि दाराच्या बिजागरीचा सैल झालेला स्क्रू बसवणे या तिन्ही कामांना एकच काडी सारखी उपयोगी पडत नाही. आपल्याकडे खरी निवड लाकडी आणि बांबूच्या काडीतच करावी लागते.

लाकडी काडी बर्चसारख्या झाडाच्या फिकट लाकडाची असते आणि जरा जोर दिला की मधोमध मोडते. बांबू हे मुळात गवत. त्याचे तंतू उभे व चिवट असल्यामुळे तेवढीच जाड काडी वाकते, पण सहसा तुटत नाही. भरताचे मोठे हिरवे वांगे भाजून झाले की देठाजवळ काडी खुपसून पाहावी. तिथला गर सर्वांत शेवटी शिजतो, आणि तो कच्चा असेल तर लाकडी काडीचे टोक आतच राहण्याचा धोका असतो. बांबूची काडी सरळ आरपार जाते.

भरली कारली आणि मिरच्या यांसाठीही मी बांबूचीच काडी सुचवीन. दाण्याचे कूट, लसूण आणि तिखटाचे सारण भरल्यावर चिरेच्या दोन्ही कडा ओढून काडी तिरपी ओवली, म्हणजे तेलात परतताना सारण सांडत नाही आणि दोरा गुंडाळण्याचा वेळही वाचतो. मात्र किती काड्या टोचल्या ते मोजावे आणि वाढण्यापूर्वी तितक्याच काढून घ्याव्यात. गिळली गेलेली काडी आतड्याला भोक पाडू शकते. म्हणून लहान मुले आणि वृद्ध जेवायला असतील तेव्हा ही मोजणी कटाक्षाने करावी.

केक, ढोकळा किंवा बट्टीचे वाफवलेले उंडे तपासताना मात्र लाकडी काडी सरस ठरते, कारण तिच्या किंचित खरखरीत अंगाला ओले पीठ चटकन चिकटते. बिजागरीच्या सैल भोकातही तीच घालावी: फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन काड्या भोकात ठोकून, वरचा भाग मोडून, सुकल्यावर स्क्रू फिरवला की तो घट्ट बसतो. गॅसच्या बर्नरची छिद्रे मात्र यांपैकी कोणत्याही काडीने कोरू नयेत. टोक तुटून अडकले तर छिद्रच बुजते.

प्लास्टिकची काडी गरम तव्याजवळ वितळते, त्यामुळे ती स्वयंपाकाला नकोच. स्टीलची धुऊन पुन्हा वापरता येते, पण मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेत ती कधीही घालू नये. दातांसाठी म्हणाल, तर रोज काडीने कोरल्यास हिरड्यांना इजा होते. दातांच्या फटींसाठी फ्लॉसचा दोरा अधिक योग्य आहे.

छोटा डबा कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. निवडून घ्यायचे असेल, तर जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर चौकशी करावी; घरी कार्य असल्यास पत्रावळी-द्रोण विकणाऱ्या ठोक दुकानात विचारावे. पनीर भाजण्याच्या लांब काड्या केकचे साहित्य ठेवणाऱ्यांकडे पाहाव्यात आणि आचेवर धरण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या लवकर जळत नाहीत. पारदर्शक डबा उजेडात फिरवून टोके पाहावीत: कुसे निघालेली असतील किंवा काळे ठिपके दिसत असतील, तर तो डबा परत ठेवावा. ठिपके बुरशीचे असू शकतात, आणि उघडलेला डबा पावसाळ्यात ओट्याजवळ राहिला तर घरीही तेच होते; म्हणून तो घट्ट झाकणाचा असावा आणि मोरीपासून दूर, कोरड्या फळीवर ठेवावा.