बँकॉक–चियांग माई रात्रीची गाडी: लोअर बर्थ मिळाला तरच मजा

बँकॉकहून चियांग माईला जायचं म्हटलं की आपली बहुतेक मंडळी विमानच बघतात. ७५१ किलोमीटरचा हा पल्ला रात्रीच्या गाडीने केला, तर हॉटेलची एक रात्र वाचते आणि झोपही चांगली होते. अट एकच, गाडी आणि बर्थ बघून घ्यायचे.

९ नंबरची गाडी संध्याकाळी ६.४० ला सुटते आणि सकाळी ७.१५ ला पोचते. डबे चिनी बनावटीचे, २०१६ मध्ये आलेले, स्वच्छ. सेकंड क्लास एसी स्लीपरमध्ये दोन्ही बाजूंना आपल्या साइड बर्थसारखे, रुळांना समांतर बर्थ असतात. समोरासमोरच्या दोन सीट ओढून जोडल्या की खालचा बर्थ होतो, वरचा भिंतीतून खाली येतो. हे सगळं अटेंडंट करतो. धुतलेली चादर, उशी आणि पांघरूणही तोच देतो. प्रत्येक बर्थला पडदा, छोटा दिवा आणि चार्जिंगची सोय.

लोअरचं भाडं हजार बाटच्या आसपास, अपर त्याहून साधारण शंभर बाटने स्वस्त. हे शंभर बाट वाचवायच्या फंदात पडू नका. अपर अरुंद आहे, त्याला खिडकी नाही, आणि पॅसेजचे दिवे रात्रभर चालू राहत असल्याने पडद्याच्या वरून उजेड तोंडावर येतो. लोअर रुंद, आणि अख्खी खिडकी तुमची. एसी मात्र दोन्हीकडे कडक. पायमोजे, पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि डोळ्यांवरची पट्टी हाताशी ठेवा. सामानाचं म्हणाल, तर विमानाच्या केबिनमध्ये नेतो तेवढी बॅग सीटखाली बसते. त्याहून मोठी सुटकेस असली की अडचण ठरलेली. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी महिला आणि मुलांचा वेगळा डबा आहे, तिकीट काढतानाच तो निवडायचा. फर्स्ट क्लासची दोघांची बंद केबिन जोडप्यांना छान, पण एकट्याला पैसा जास्त जातो.

डोंगर बघायचे असतील तर ९ नंबर नको. लाम्पांग स्टेशननंतरचा घाट आणि १,३५२ मीटर लांबीचा खुन तान बोगदा ती पहाटेच ओलांडते, हिवाळ्यात तेव्हा बाहेर काळोख असतो. १३ नंबरची गाडी रात्री आठनंतर सुटते, त्यामुळे हाच भाग उजेडात येतो. डबे जुने, पण नजाऱ्यासाठी तीच घ्यावी.

तिकीट थाई रेल्वेच्या अधिकृत डी-तिकीट संकेतस्थळावर काढा, पासपोर्टचा नंबर लागतो. एजंटांकडे वरचे पैसे जातात. एप्रिलमधला सोंगक्रान (थाई नववर्ष) आणि नोव्हेंबरमधला लॉय क्राथोंग (दिवे पाण्यात सोडण्याचा सण) या दिवसांत लोअर बर्थ आधी संपतात.

स्टेशनचा घोळ सांभाळा. १९ जानेवारी २०२३ पासून या गाड्या बँकॉकच्या जुन्या हुआ लाम्फोंग स्टेशनहून नाही, नव्या क्रुंग थेप अभिवात टर्मिनलवरून सुटतात. जुनी प्रवासवर्णनं वाचून हुआ लाम्फोंगजवळ हॉटेल घेतलंच असेल, तर एमआरटी या मेट्रोच्या ब्लू लाइनने थेट बांग स्यू गाठा, टर्मिनल तिथेच जोडलेलं आहे. इमारत अवाढव्य आहे. तासभर आधी पोचा. गाडीच्या थोडं आधी गेट उघडतं आणि मग वर प्लॅटफॉर्मवर सोडतात.

शाकाहारींनी जेवण स्टेशनबाहेरूनच घेऊन चढावं. रात्री फेरीवाले चढतील या भरवशावर राहू नका. नुसतं 'नो मीट' सांगितलं तरी फिश सॉस पडतोच. 'जे' (थाई पद्धतीचं कडक शाकाहारी) असं विचारा, किंवा पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत हाच शब्द, เจ, दिसतोय का बघा. त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मंडळींचीही बरीच सोय होते (कंदमुळं मात्र विचारून घ्या).

गाडीला उशीर होतो, तासाभराचा धरूनच चाला. सकाळची सहल किंवा पुढचं विमान त्याला चिकटून ठेवू नका. चियांग माई स्टेशन जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर, पिंग नदीच्या पलीकडे आहे. बाहेर लाल सोंगथाव (मागे बाकं असलेल्या शेअर टॅक्सी) उभ्या असतात, चढण्याआधी माणशी भाव ठरवा.