मुलीची हरणाच्या शिकारीची पहिली रायफल: .२४३ सोबत दोन सीझन काढल्यावर

आधीच सांगून टाकतो, मी काही शिकारी घराण्यातला वगैरे नाही. सावंतवाडीजवळ आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, ती माजघरात खुंटीला लटकलेली बघणं एवढाच काय तो माझा अनुभव. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच मिटला. पण अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चौदा वर्षं काढली की माणूस कधी ना कधी यात ओढला जातोच, कारण थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन लागतो आणि त्या सोमवारी ऑफिस अर्धं रिकामं, शाळेतली पोरं पण गायब. मी स्वतः चार-पाच वर्षं शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर जायला लागलो होतो, मग लेक अकराची झाली आणि म्हणाली बाबा मला पण यायचंय. बायको म्हणाली आधी तो सेफ्टीचा कोर्स करू दे, मग बघू. तिला वाटलं तिथे कंटाळून सोडेल. पोरगी पहिल्या फटक्यात पास. वर घरात मलाच शिकवायला लागली, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला, निशाण काय आणि त्याच्या मागे काय ते नक्की बघायचं, बार काढायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. या चार नियमांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून इथे याला टॅब-के म्हणतात, पोरं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

आता मुद्द्याचं. मी पहिली चूक काय केली तर रायफल घेतलीच नाही. शेजाऱ्याने प्रेमाने त्याची जुनी थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६, मोठ्या काडतुसाची रायफल) दिली, म्हणाला आमच्या घरात सगळे यावरच शिकले. मी पण हो म्हणलं, फुकट मिळतंय तर कशाला नको. रेंजवर गेलो, तिने बट (रायफलीचं मागचं टोक) खांद्याला लावला, पण तो मोठ्या माणसाच्या मापाचा, त्यामुळे मान लांब ताणून डोळा स्कोपजवळ (वरच्या दुर्बिणीजवळ) न्यायला लागत होता आणि हात पुढे पुरत नव्हता. मला ते दिसत होतं, तरी म्हणलं एकच बार काढून बघ. धाडकन आवाज, रायफल मागे आली आणि स्कोपची कडा भुवईवर. अर्धचंद्रासारखी चीर, टाके नाही लागले पण रक्त पापणीपर्यंत. ती रडली नाही, पण रायफल टेबलावर ठेवून गाडीत जाऊन बसली ती बसलीच. घरी येऊन बायको माझ्याशी जे बोलली ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर पाच महिने सेंटरफायरचं, म्हणजे मोठ्या शिकारी काडतुसांचं, नावच काढलं नाही. साधी पॉइंट-टू-टू (.२२, छोट्या काडतुसाची) घेतली, जिला धक्का म्हणून काही नसतोच, आणि नऊ इंची कागदी प्लेट लावून नुसता सराव. प्लेट का, तर हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण तेवढाच असतो. पन्नास यार्डावरून दहाच्या दहा प्लेटमध्ये जायला लागल्या तेव्हा मग खरी रायफल शोधायला लागलो.

कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा आणि काडतुसाच्या प्रकाराचा, थोडा अभ्यास केला तो सांगतो. .२४३ विन्चेस्टर, सेव्हन-एमएम-ओ-एट आणि .३०८, ही एकाच आईची लेकरं आहेत. १९५२ ला .३०८ आली, तिच्याच काडतुसाच्या पितळी कवचाची मान आवळून १९५५ ला .२४३ काढली, आणि १९८० ला मधलं भावंड सेव्हन-एमएम-ओ-एट. कवच जवळपास तेच पण गोळी जेवढी हलकी तेवढा धक्का कमी. सात-साडेसात पाउंडाच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण नऊ-दहा फूट-पाउंड, सेव्हन-एमएम-ओ-एटचा बारा-तेराच्या आसपास, .३०८ चा सोळा-सतरा, आणि ज्या थर्टी-ऑट-सिक्सने आमची भुवई फोडली ती वीसच्या घरात. म्हणजे मी पोरीच्या हातात पहिल्याच दिवशी दुप्पट दिलं होतं. ६.५ क्रीडमूर पण बघितली, २००७ ची आहे, आजकाल सगळे तेच सांगतात, वाईट अजिबात नाही, पण ज्या दुकानात गेलो तिथे तिच्यात लहान मापाचा स्टॉक (खांद्याला टेकणारा मागचा दांडा) नव्हता म्हणून नाही घेतली. .२२३ आमच्या राज्यात हरणाला कायद्याने चालते पण कोलोरॅडोसारख्या राज्यात किमान .२४ लागतं, आणि मला स्वतःला ती लहान पोरांच्या हातात नको वाटते, कारण चुकीला जागाच राहत नाही. ओहायोत राहत असाल तर हा सगळा हिशोबच वेगळा, तिथे सरळ कवचाची, म्हणजे मान न आवळलेली, काडतुसं लागतात, मग २०१९ ला आलेली .३५० लेजंड बघा, तिचाही धक्का कमीच.

शेवटी .२४३ घेतली, साधी बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढायची), पोरांचं मॉडेल, वीस इंची नळी, आणि मुख्य म्हणजे स्टॉकच्या मागे एक तुकडा आहे जो काढला की माप तेरावरून बारा इंच होतं. हे माप घरी बघता येतं, कोपर काटकोनात वाकवायचं, बट कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवायचा आणि बोटाचं पेर ट्रिगरवर आरामात पोचतंय का बघायचं. मोठ्यांच्या रायफली साडेतेरा-पावणेचौदा इंचाच्या असतात, माझ्या लेकीचं तेव्हा बारालाही जेमतेम पुरत होतं. माझं म्हणणं विचाराल तर कॅलिबरवर तीन आठवडे डोकं खाल्लं त्यापेक्षा हे दोन मिनिटांचं मोजमाप जास्त कामाचं होतं.

आता दीड वर्ष आणि दोन सीझन वापरून काय वाटतं ते. धक्क्याची तक्रार शून्य. पण एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती, पोरं धक्क्यापेक्षा आवाजाला जास्त घाबरतात. आखूड नळीचा आवाज तर अजूनच कडक. दुकानदार म्हणाला पुढे मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा भोकांचा तुकडा) लावा, धक्का अजून कमी होईल, नशीब नाही लावला, कारण तो गॅस बाजूला फेकतो आणि शेजारी उभ्या माणसाच्या कानाचं भजं होतं, मागच्याचं पण. आम्ही आत फोमचे बोळे आणि वरून इयरमफ असं दुहेरी लावतो. ते सुरू केल्यावर तिच्या निशाणावरच्या भोकांचे गट एकदम लहान झाले, रायफल तीच, गोळी तीच.

आणि दचकतेय का नाही हे तोंडाला विचारून कळत नाही, "नाही बाबा, काही नाही वाटत" हेच उत्तर येतं. म्हाताऱ्याने एक युक्ती शिकवली. मॅगझिन मी भरायची, मध्येच एक नकली काडतूस टाकायचं, कुठे ते तिला माहीत नाही. पहिल्या वेळी नकली आलं तेव्हा नुसतं टिक् वाजलं आणि नळीचं टोक दोन इंच खाली गेलं, खांदा आवळलेला, डोळे मिटलेले. तिने स्वतः बघितलं आणि हसायला लागली. त्यानंतर आम्ही एका वेळेला दहाच्या वर बार काढतच नाही, कितीही मजा येत असली तरी. चार-पाच वेळा रेंजला गेल्यावर टिक् वाजलं तरी नळी जागची हलेना, तेव्हा म्हणलं आता जाऊया.

गोळीबद्दल एक मोठी गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. दुकानात .२४३ म्हणून मागितली तर पोराने ५८ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) बॉक्स दिला, स्वस्त पण होता, मी खुशीत घेऊन आलो. म्हाताऱ्याने बॉक्स हातात घेतला आणि म्हणाला ही कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी आहे, हरणावर वरच्यावर फुटेल, आत जाणार नाही, जनावर हाल होऊन मरेल. हीच .२४३ ची गोची आहे, एकाच नावाखाली दोन वेगळ्या कामाच्या गोळ्या मिळतात. हरणाला ९५-१०० ग्रेनची, किंवा ८० च्या पुढची अख्ख्या तांब्याची. आम्ही तांब्याची वापरतो, कारण शिशाचे बारीक कण मटणात उतरतात आणि घरात धाकटा पण खातो. वीसच्या बॉक्सला मला चाळीसच्या वर डॉलर पडले, शिशाची थोडी स्वस्त पडते.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मुलांचे खास दोन दिवस असतात, त्यात तिने काहीच मारलं नाही. एक मादी समोर आली होती, पण मागे गोठा होता म्हणून तिने स्वतःच बोट काढून घेतलं. मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं नंतर हरीण पडलं तेव्हाही नाही वाटलं. (गुलाबी जॅकेट घालून बसली होती, शिकारीत लांबून दिसावं म्हणून झगमगीत भगवं घालावं लागतं, २०१६ पासून इथे त्याऐवजी झगमगीत गुलाबी पण चालतो.) नोव्हेंबरात सत्तर यार्डावर आडवी उभी मादी, खांद्याच्या मागे एक बार, चाळीस पावलं पळाली आणि पडली. .२४३ कमी पडते म्हणणाऱ्यांना हे सांगायला आवडतं.

पण दुसऱ्या वर्षीचं पण सांगायला हवं. एकशे दहा यार्डावर नर, बार काढायच्या क्षणी त्याने पाऊल टाकलं आणि गोळी जरा मागे लागली. आरपार गेलीच नाही. आत जायचं भोक करंगळीच्या पेराएवढं पण नाही, रक्ताचा माग जवळजवळ नाहीच, पाचोळ्यावर कुठेतरी एक थेंब, मग वीस पावलं काही नाही, मग वाळक्या गवताच्या काडीवर पुसल्यासारखा एक डाग. अर्धा तास थांबून मग शोधायला लागलो, अंधार पडेपर्यंत तिघं वाकून वाकून चालत होतो, पोरगी गप्प. शेवटी ओढ्याकाठी सापडला, गेलेला होता. तिने विचारलं त्याला खूप दुखलं असेल का. मी हो म्हणलं. थर्टी-ऑट-सिक्स असती तर बहुतेक आरपार जाऊन माग मिळाला असता हे खरं आहे, पण थर्टी-ऑट-सिक्स हातात असती तर ती डोळे मिटून मारत असती, हे पण खरं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम, शंभर यार्डाच्या पुढे नाही, आणि जनावर चालत असेल तर नाहीच.

मटणाचं विचारतात म्हणून, चरबी नसते त्यामुळे तुकडे सुके पडतात, खिमा करून मालवणी मसाल्यात उत्तम. पण आमच्या भागात सीडब्ल्यूडी (हरणांचा मेंदूचा एक जीवघेणा रोग) आहे, २००२ पासून, त्यामुळे डोकं तपासणीच्या पेटीत टाकायचं, टेस्ट फुकट असते, आणि रिपोर्ट येईपर्यंत फ्रीजरला हात लावायचा नाही. मारलेल्या हरणाची ऑनलाइन नोंद मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, ती विसरू नका.

परत घ्यायची झाली तर? अकरा-बारा वर्षांच्या सडपातळ पोराला हीच घेईन. तेरा-चौदाचं, अंगाने भरलेलं पोर असेल आणि पुढे अनेक वर्षं तीच वापरायची असेल तर सेव्हन-एमएम-ओ-एट, थोडा जास्त धक्का पण गोळी वजनदार, आरपार जायची खात्री जास्त. रायफल माझ्याच नावावर, तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली बायकोकडे, ही तिची अट होती आणि बरोबर होती.

लेकीला आता उंची आली, मागच्या महिन्यात स्टॉकचा तो एक इंचाचा तुकडा परत बसवला. धाकटा नऊचा आहे, तो सारखा आसपास घोटाळत होता, म्हणून त्याचंही कोपर वाकवून मोजलं. अकरा इंच पण भरत नाही. त्याला म्हणलं अजून दोन वर्षं प्लेटा फोड.