लाल शेवाळाची ओळख: रसायन तपासावं की डीएनए?

लाल समुद्री शेवाळाची जात नुसत्या रूपावरून सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. एकच जात लाटा, ऊन आणि खोलीप्रमाणे फांद्या बदलते. कप्पाफायकस हे लागवडीचं लाल शेवाळ तर हिरवं, तपकिरी, लालसर अशा कुठल्याही रंगात भेटतं. मग उरतात दोन वाटा: त्यातल्या कॅराजीननचं, म्हणजे जेलीसारखं गोठणाऱ्या घटकाचं, रसायन पाहणं किंवा डीएनए वाचणं.

रसायनाची बाजू भक्कम आहे. 1988 मध्ये मॅक्सवेल डोटी यांनी युकेमा या प्रजातीपासून (जवळच्या जातींच्या गटापासून) कप्पाफायकस ही प्रजाती वेगळी काढली, तेव्हा कॅराजीननचा प्रकार हा एक मोठा आधार होता. कप्पाफायकसमध्ये कप्पा प्रकार, युकेमा डेंटिक्युलेटममध्ये आयोटा. व्यापारी मात्र त्यांना आजही अनुक्रमे ‘कॉटोनी’ आणि ‘स्पिनोसम’च म्हणतात. फरक हाताला कळतो: कप्पा पोटॅशियम मिळताच घट्ट गोठतं, दाबलं की तुकडा पडतो, ठेवलं की पाणी सुटतं, आयोटा कॅल्शियमबरोबर मऊ, लवचिक राहतं. इन्फ्रारेड आलेखात (नमुना कोणते अवरक्त किरण शोषतो ते दाखवणाऱ्या) 845 प्रति सेंटिमीटरची पट्टी दोघांत येते, 805 ची ठळक पट्टी आयोटाची खूण. चाचणी झटपट होते, आणि प्रक्रिया केलेल्या पावडरीवरही चालते, जिथे डीएनए मिळण्याची आशा कमीच.

घोळ पुढे आहे. कॉन्ड्रस क्रिस्पस, म्हणजे आयरिश मॉस, घ्या. त्याच्या जीवनचक्रातली युग्मकधारी (नर-मादी पेशी बनवणारी) पिढी कप्पा गटाचं कॅराजीनन बनवते, बीजाणुधारी (बीजाणू बनवणारी) पिढी लॅम्डा या तिसऱ्या गटाचं. दोन्ही दिसायला जवळपास सारख्या, शेजारी शेजारी वाढणाऱ्या. फक्त रसायन पाहणारा एका जातीच्या दोन करून बसेल! उलटही होतं: कप्पाफायकस अल्वारेझी आणि स्ट्रायेटस या दोन्ही जातींत कप्पाच, त्यामुळे आलेख त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे कॉक्स-1 सारख्या जनुकाचा क्रमच लागतो. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, शिवाय तुलनेला खात्रीचे नमुने हवेत.

माझं मत असं: जेलीसाठी किंवा दुग्धपदार्थांसाठी माल घेत असाल तर रसायन पुरे, तुम्हाला जातीचं नाव नको, गोठण्याची खात्री हवी. पण लागवडीचं बियाणं आणत असाल तर डीएनए टाळू नका. तामिळनाडूलगतच्या मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ लागवडीतलं कप्पाफायकस प्रवाळांवर पसरलं होतं, तेव्हा कोकण किनाऱ्यावर कोणती जात उतरवतोय हे आधीच कळलेलं बरं. डीएनएसाठी ताज्या फांदीचं टोक सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) ठेवा आणि उरलेल्या फांदीचा आलेख काढा.