खाट कोणत्या वर्गातली? सरकारी आणि खासगी रुग्णालय, दोन शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून

तीन वर्षांच्या अंतराने आमच्या घरातील दोन वृद्ध स्त्रियांचे खुब्याचे हाड मोडले. आईला आम्ही शहरातील एका नावाजलेल्या खासगी रुग्णालयात नेले, तर काकूंना सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. दोन अनुभवांवरून नियम काढता येत नाही हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

वेळेच्या बाबतीत खासगी रुग्णालय निर्विवाद सरस ठरले. आईची शस्त्रक्रिया दुसऱ्याच दिवशी झाली; काकूंना पाचव्या दिवसापर्यंत थांबावे लागले, कारण सरकारी रुग्णालयात प्रत्येक युनिटचा, म्हणजे डॉक्टरांच्या गटाचा, शस्त्रक्रियेचा वार ठरलेला असतो, यादी लांब असते आणि मध्येच एखादा अपघातग्रस्त आला की बाकीच्यांचे क्रमांक मागे सरकतात. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी असे वैद्यकशास्त्र सांगते, त्यामुळे हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. स्वच्छतेची तुलना करण्यात अर्थ नाही. सरकारी वॉर्डातील स्वच्छतागृहाला मी शेवटपर्यंत सरावलो नाही.

तरीही माझे मत बदलले ते खासगी रुग्णालयातील एका गोष्टीमुळे, आणि तिचा उपचारांशी थेट संबंध नव्हता. आईला दाखल करताना ‘जनरल वॉर्ड भरला आहे, सध्या ट्विन शेअरिंग (दोन रुग्णांची खोली) घ्या, खाट रिकामी झाली की हलवू’ असे सांगण्यात आले. ती खाट पाच दिवसांत रिकामी झाली नाही. खोलीचे भाडे दिवसाला ६,००० रुपये होते आणि आमच्या विम्याची मर्यादा ४,०००, तेव्हा वरचे दोन हजार आपण भरू, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात भाडे मर्यादेबाहेर गेल्यामुळे विमा कंपनीने शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह यांच्या शुल्कातही त्याच प्रमाणात, म्हणजे सहाला चार या हिशेबाने, कपात केली. औषधे आणि खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा तेवढा कपातीतून वाचला. शिवाय हे शुल्क मुळातच खोलीच्या वर्गानुसार वाढवलेले होते. तेच डॉक्टर, तेच टेबल, तोच सांधा. फक्त खाट वेगळी म्हणून शस्त्रक्रिया महाग. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, आणि तिथेही फलक लावलेला होता. परंतु खोलीबरोबर डॉक्टरांची फीसुद्धा बदलते, हे बिल हाती येईपर्यंत आम्हाला कोणी सांगितले नाही.

सरकारी रुग्णालयाची क्षमता वेगळ्या अर्थाने ताणली जाते. तिथे खाटा संपल्या तरी रुग्णाला सहसा परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी घालतात. काकूंची पहिली रात्र अशीच गादीवर गेली आणि मोडलेले हाड घेऊन तसे झोपणे किती यातनांचे होते ते मी पाहिले आहे. रात्रपाळीला पूर्ण वॉर्डाला दोन सिस्टर. कूस बदलणे, नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, रक्तपेढीत धावणे, स्ट्रेचरला हात लावणे, हे सारे नातेवाइकाने करायचे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव घालण्यासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलापाशी दोन फेऱ्या झाल्या, मात्र सांध्याचा खर्च त्यातून निघाला.

आणि तिथेच मला अनपेक्षित असे काही मिळाले. सकाळच्या राउंडला प्राध्यापक काकूंच्या खाटेपाशी उभे राहिले, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि निवासी डॉक्टरला विचारू लागले, ‘अर्धाच सांधा का? पूर्ण का नको?’ (अर्धा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथाच बदलायचा, पूर्ण म्हणजे तो ज्या वाटीत बसतो तीही.) त्याने वय, पडण्यापूर्वीचे चालणे, हृदयाची स्थिती अशी कारणे अडखळत सांगितली. दोन कारणे प्राध्यापकांनी खोडली, एक मान्य केले. मी पायाशी उभा राहून सगळे ऐकत होतो. खासगी रुग्णालयात समुपदेशनाच्या वातानुकूलित खोलीत गुळगुळीत माहितीपत्रक मिळाले होते, पण हाच निर्णय का, हे इतके उघडपणे तपासले गेलेले मी तिथे पाहिले नाही. दोघीही पुढे काठी घेऊन चालू लागल्या, दोघींच्या चालण्यात मला तरी फरक दिसत नाही.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला बसत असेल, तर तो मार्ग आधी पाहावा. आमचा बसत नव्हता.

रुग्ण फार नाजूक असेल, तासांचा हिशेब असेल किंवा सोबत राहायला एकच माणूस असेल, तर मी कोणालाही सरकारी रुग्णालयाचा आग्रह करणार नाही. विम्यातील खोलीभाड्याची मर्यादा मात्र रुग्णवाहिकेत बसण्याआधी पाहून घ्यावी. माझ्या स्वतःच्या हर्नियासाठी मी गेल्या गुरुवारी सरकारी रुग्णालयात केस पेपर काढला आहे आणि तारीख मिळण्याआधीच धाकट्या भावाला आठवडाभराच्या रजेचा अर्ज करायला लावला आहे.