साठीनंतरचा पहिला संगणक: डेस्कटॉप, लॅपटॉप की टॅबलेट?

घरातल्या ज्येष्ठांसाठी पहिलाच संगणक निवडताना प्रोसेसरची चर्चा नंतर करा. आधी त्यांचे डोळे आणि बोटं काय म्हणतात ते बघा.

२४ इंची मॉनिटर आणि १५.६ इंची लॅपटॉप, दोन्हींचं रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) १९२० × १०८० असेल तर तेच अक्षर लॅपटॉपवर सुमारे एक-तृतीयांशाने लहान उमटतं. लॅपटॉपचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी दाखवण्याचं सेटिंग) १५० टक्के केलं की फरक मिटतो, पण मग पानावर मजकूर कमी मावतो आणि सारखं खाली सरकवत बसावं लागतं. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर मॉनिटर नेहमीपेक्षा खाली ठेवा, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला मान वर करावी लागते. लॅपटॉपचा पडदा मुळातच खाली असतो, तिथे उलटं होतं: मान वाकून राहते. टॅबलेट हवा तसा धरता येतो, पण तासभर धरला की मनगट दुखतं. स्टँड हवाच.

खरी परीक्षा हाताची. माउसचा डबल क्लिक हा सगळ्यांत मोठा अडथळा. दोन क्लिकच्या मध्ये हात किंचित हलतो, फाइल ओढली जाते आणि भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडते. मग ‘फाइल हरवली’. सेटिंग्जमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करा, किंवा एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा. लॅपटॉपच्या टचपॅडवर टाइप करताना तळहात टेकतो आणि कर्सर दुसऱ्याच ओळीत उडी मारतो. तिथे टॅप केल्यावर क्लिक होण्याची सोय बंद करावी आणि सरळ यूएसबी माउस जोडावा. टॅबलेटवर यातलं काही नाही, मात्र कोरड्या बोटांचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही, आणि बोट रेंगाळलं तर ‘दाबून धरलं’ असा अर्थ लावला जातो. हा कालावधी अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये वाढवता येतो.

बिघाड झाल्यावर फोनवरून मदत करता येईल का, हे खरेदीआधी फारसं कुणी विचारत नाही. इथे डेस्कटॉप पुढे. प्रत्येक भाग वेगळा दिसतो, त्यामुळे “मॉनिटरचा दिवा लागलाय का? आणि कॅबिनेटचा?” एवढ्या दोन प्रश्नांत निम्मा उलगडा होतो. बरेचदा फक्त मॉनिटरचं बटण बंद झालेलं असतं. ग्राफिक्स कार्ड (चित्र दाखवणारा वेगळा भाग) असेल तर मागे एचडीएमआयच्या, म्हणजे मॉनिटरची केबल लावायच्या, जागा दोन ठिकाणी असू शकतात. केबल कार्डाच्या जागेतच लावायची, नाहीतर पडदा काळाच राहू शकतो. लॅपटॉपवर चुकून एखादी फंक्शन-की दाबली जाते आणि टचपॅड किंवा वाय-फाय बंद पडतं. ती की कुठे आहे हे मॉडेलगणिक बदलतं, फोनवर सांगणाऱ्याची दमछाक होते. पासवर्ड चुकतोय म्हणाले तर कॅप्स लॉक आणि नम लॉक (आकड्यांच्या कीज चालू-बंद करणारी की) आधी विचारा.

वीज जाण्याचा त्रास फक्त डेस्कटॉपला. यूपीएस लागेलच, आणि तो काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता असतो, पुढे काम करत राहण्यासाठी नव्हे.

पत्रं, हिशेब, लांबलचक टायपिंग करायचं असेल तर डेस्कटॉप घ्या. व्हिडिओ कॉल आणि वाचन एवढंच असेल तर टॅबलेट पुरे. लॅपटॉप मधलाच, म्हणून सोयीचा वाटतो. तो खरोखर खोलीतून खोलीत किंवा गावोगावी न्यायचा असेल तरच घ्यावा.

मुलांचा जुना लॅपटॉप आई-वडिलांना द्यायचा बेत असेल तर तीन गोष्टी तपासा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ चालतं का ते बघा. त्याला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं. रॅम ८ जीबी हवी. हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (जास्त वेगाने चालणारी डिस्क) बसवा, कारण यंत्र सुरू व्हायला वेळ लागला की नवशिका माणूस बटण पुन्हा दाबतो आणि ते अर्ध्यातच बंद पडू शकतं.